अस्सल तातार

आमच्या भद्रकालीत टांगेवाले पुष्कळ, पण तातार एकच, इनायतमियां. म्हणजे तो तसं म्हणायचा. त्याचा कुणी पूर्वज म्हणे बादशहाच्या फौजेबरोबर तातारांच्या मुलखातून घोड्यावर बसून आला होता. तो घोडा मेला, फौज गेली, बादशाही गेली. ऐट मात्र इनायतमियांपर्यंत सुखरूप पोचली. रामकुंडावर निघालेल्या यात्रेकरूंना स्टेशनपासून हीच कथा ऐकावी लागे.

याचा भुर्दंड त्याच्या मुलीला, ताहेराला पडत होता. शेजारचा महेबूब हातमागावर लुगडी विणायचा. कामसू, निर्व्यसनी आणि ताहेराला मनापासून पसंत. पण इनायतमियांचं ठरलेलं, "तातारांची मुलगी विणकराच्या घरी जात नाही." नाशकात दुसरा तातार कुठून आणायचा, हे तो सांगत नसे.

१९३४ साली दुसरा तातार खरंच आला. सलाउद्दीन नावाचा, रशियातून परागंदा झालेला, गावोगाव कापड विकत फिरणारा. इनायतमियांनी त्याला टांग्यातून घरी आणलं, ताहेराला मटण करायला लावलं आणि आम्हां शेजाऱ्यांना बोलावलं. महेबूबलाही, त्यानं जरा खानदान बघावं म्हणून.

पाहुण्याचं हिंदुस्थानी मोडकं होतं, पण समजत होतं. त्यानं सांगितलं, त्यांची भाषा तुर्कीच्या नात्यातली. घोड्याला ते 'अत' म्हणतात. येवल्याच्या बाजारात घेतलेल्या घोड्याला इनायतमियां ज्या खास तातारी आरोळ्या देई, त्यातली एकही पाहुण्याला कळली नाही. शिवाय तातार हे नाव त्यांना परक्यांनीच चिकटवलेलं. रशियन ते हिणवायलाही वापरत. त्याचे आजोबा तर कुणी तातार म्हटलं की भडकायचे. आम्हाला मुसलमान म्हणा, एवढंच सांगायचे.

इनायतमियांनी घाईघाईनं विषय बदलला. "वडील फौजेत असतील ना?"

"विणकर होते," पाहुणा म्हणाला आणि रस्सा ओरपू लागला.

महेबूब खाली मान घालून हसला. दारामागं ताहेराच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, सुटली पोर.

दुसऱ्या दिवशी इनायतमियां टांगेवाल्यांना सांगत होता, "कसला तातार तो! बनावट माल."

महेबूबनं आणखी वर्षभर वाट पाहिली. मग त्याच्या आईनं दिंडोरीची मुलगी ठरवली. वरातीला घोडा हवा होता आणि आमच्या गल्लीत धड घोडा एकच, इनायतमियांचा. ताहेरानं त्याला आंघोळ घातली, आयाळ विंचरली, स्वतः ओवलेले गजरे बांधले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला इनायतमियांचा तेव्हा फार राग आला, अजून येतो.

तो लगाम धरून वरातीच्या पुढं चालला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, की नवरदेव विणकर असला तरी घोडा अस्सल तातारी आहे.