सभागृहात बाबांचा आवाज

महापालिकेच्या सभागृहात सगळ्यात जास्त बोलणारं कोण, असं विचारलं तर लोक एखाद्या तावातावाने भांडणाऱ्या नगरसेवकाकडे बोट दाखवतील. ते चूक आहे. सगळ्यात जास्त बोलते ती खुणांच्या भाषेची दुभाषी. नगरसेवक बोलले की तिचे हात चालतात, आणि ऐकू न येणारं कोणी उभं राहिलं की तिचं तोंड चालतं. इतकी वर्षं ती तिथे बोलते आहे, पण स्वतःचं असं एकच वाक्य तिने त्या सभागृहात उच्चारलं. शहराने मिरवावं असं माणूस आहे ते. पण मिरवायला आपल्याला पुतळे नाहीतर पूल लागतात.

तिच्या कामाची रीत साधी आणि कडक आहे. समोरचा "मी" म्हणाला की तिनेही "मी"च म्हणायचं. "ते म्हणताहेत की" वगैरे काही नाही. पदरचं घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही, तिखट असेल ते गोड करायचं नाही. नवा अध्यक्ष आला की तो हमखास तिच्याकडेच बघून विचारतो, "बाई, तुमचं म्हणणं काय?" मग ती शांतपणे बोलणाऱ्या माणसाकडे हात करते.

आणखी एक रीत म्हणजे, नात्यातल्या माणसासाठी हे काम करायचं नाही. त्या दिवशी नेमकी तीच मोडायची वेळ आली.

विषय नव्या बसगाड्यांचा होता. जुन्या गाड्यांत पुढे दिव्यांची पट्टी असते, तिच्यावर येणाऱ्या थांब्याचं नाव दिसतं. थांब्याची घोषणा होतेच, मग नव्या गाड्यांत पट्टी कशाला, असं परिवहन समितीच्या डोक्यात आलं. ज्यांना घोषणा ऐकूच येत नाही असेही लोक बसने फिरतात, हे काही समितीच्या गावी नव्हतं. बहिऱ्यांच्या संघटनेने हरकत घ्यायला ज्याला पाठवलं, तो माणूस दुभाषीचा बाप निघाला. जन्मापासून बहिरा, धंद्याने सुतार, आणि बोलताना कोणाची भीडभाड न ठेवणारा.

बाबांसाठी दुसरा दुभाषी ठरला होता. तो सकाळी जिन्यावरून घसरला आणि हात मोडून बसला. इतर धंद्यांत मोडक्या हाताचा माणूस निदान बोलू तरी शकतो. याची बोलतीच बंद झाली. मतदान आजच होणार, बोलायचं तर आत्ता, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं.

तेव्हा ती माइकपाशी आली आणि म्हणाली, "हे माझे वडील आहेत, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा." कोणी हरकत घेतली नाही.

तिला धास्ती होती ती बाबांच्या बोलण्याची. लहानपणी दुकानात बाबा बोटांनी म्हणायचे, हा माणूस लबाड आहे. ही दुकानदाराला सांगायची, "बाबा म्हणतात, जरा बघून द्या." बाबांना ते लगेच कळायचं. दुकानदाराचा चेहरा जसाच्या तसा राहिला, म्हणजे पोरीने मधेच काहीतरी गिळलं. आज उभं राहण्याआधी त्यांनी तिला बजावलं होतं, "काही गिळू नकोस." न गिळावं तर अध्यक्ष बिथरणार आणि पट्टी हातची जाणार. गिळावं तर बाबांना भर सभेत मुकं केल्यासारखं होणार.

बाबांचे हात हलू लागले आणि तिने तोंड उघडलं.

"मी बहिरा आहे, आंधळा नाही. मी ती पट्टी वाचतो आणि माझ्या थांब्यावर उतरतो. ती काढलीत तर मी प्रत्येक थांब्याला उठून ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहीन. मग गाड्यांना उशीर का होतो, म्हणून तुम्ही आणखी एक समिती नेमा."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. अध्यक्ष मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. बाबांनी ते पाहिलं, आणि त्यांचे हात एकदम जोरात चालले. मग आवाज न चढवता तिने ते जसंच्या तसं सांगितलं.

"अध्यक्षसाहेब, तुम्हाला ऐकू येतं, म्हणजे तुम्ही ऐकता असं नाही."

अध्यक्षांनी मोबाइल खाली ठेवला. "हे त्यांचं म्हणणं, की तुमचं?"

तिने तो प्रश्नही बाबांना खुणांनी सांगितला आणि बाबांचं उत्तर मोठ्याने बोलली, "तिचं असतं तर फार गोड असतं. ती तिच्या आईवर गेली आहे. हे तिखट माझं."

सगळे हसले. अध्यक्षांनाही हसू आवरलं नाही, आणि पुढचं बोलणं त्यांनी बाबांकडे बघून ऐकलं. मतदान हात वर करून झालं, त्यामुळे बाबांना ते कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. नव्या गाड्यांत पट्टी राहणार असं ठरलं.

ती माइकपासून बाजूला होणार, तोच बाबांनी तिला थांबवलं. अजून बोलायचं होतं. त्यांचे हात आता सावकाश चालले, सुतारकामाने राठ झालेले, दोन बोटं कायमची वाकडी. तिला पुढचं वाक्य दिसलं, ते तिच्याचबद्दल होतं. पण गाळायचं नाही म्हणजे नाही.

"ही उभी आहे ना, ती माझी मुलगी," ती म्हणाली. "आज तिने माझा एकही शब्द गिळला नाही. मला तिचा अभिमान वाटतो."

बापाचं बोलणं तिने जन्मभर डोळ्यांनीच पाहिलं होतं. हे वाक्य मात्र तिला कानांनी ऐकायला मिळालं, तेही भर सभेत, स्वतःच्याच तोंडून.