केसपेपरवर न लिहिलेलं

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर खोकणारं एक पोर होतं आणि दाराबाहेर तीसेक माणसं. त्यांच्या सुनेचा नंबर दिसला. मी तिला बोलूच न देता म्हटलं, "सासूबाईंना सांग, सुट्टी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवायचं!" पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. आता सहा आठवडे होतील. ते माझं ओरडणं त्यांना ऐकावं लागलं नाही, एवढंच बरं.

परळच्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्या आरोग्यसेविका होत्या. वाढल्या वरळीच्या बीडीडी चाळीत, वडील गिरणीत. मी शिवाजी पार्कची डॉक्टर, भाषा चोख आणि डोकं गरम. पहिल्या दिवसापासून आमचं वाजायचं. माझं सगळं त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग स्वतःला हवं तेच करायच्या.

काही वर्षांपूर्वी दवाखान्यात नवं काम आलं. लहानपणी सोसलेलं मोठेपणी दुखणं होऊन बाहेर पडतं, म्हणून प्रत्येक मोठ्या पेशंटला त्याच्या बालपणाबद्दल दहा प्रश्न विचारायचे. घरात मारहाण व्हायची का, उपाशी झोपावं लागायचं का, कुणी नको तसा हात लावला का... मी उत्साहानं टेबल मांडलं, तेही नेमकं केसपेपरच्या खिडकीशेजारी, आणि पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून विचारू लागले. रांगेत सगळे एकमेकांचे शेजारी! महिनाभर प्रत्येक उत्तर "नाही". मी आपली खूश. शालनताईंनी फॉर्मचा गठ्ठा उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, लालबाग-परळ एवढं सुखात वाढलं आणि मलाच कुणी बोललं नाही?"

त्यांनी टेबल उचलून ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, पडदा लावला, माझी खुर्ची पेशंटच्या समोरून काढून त्याच्या शेजारी ठेवली. आणि पहिल्या प्रश्नाआधी मला एक वाक्य म्हणायला लावलं, "सांगायलाच पाहिजे असं काही नाही." अहो, विचारायचं आणि वर सांगू नका म्हणायचं? मला हसूच आलं. पण माणसं बोलू लागली.

नंदा तेव्हा पंचविशीतली, डोकेदुखीनं बेजार, कडेवर वर्षाचं बाळ. लहानपणी सख्ख्या काकानं काय केलं ते तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. मी नियमाप्रमाणे, तिच्याच शब्दांत, स्वच्छ मराठीत केसपेपरवर लिहिलं. आता, आमच्याकडे केसपेपर पेशंटच घरी नेतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर, सगळ्या घराचे एकत्र. सासू आपल्या बीपीचा कागद शोधायला गेली आणि तिनं हा वाचला. नंदाचं येणं बंद झालं. बाळाची लससुद्धा चुकली.

चौकशीला शालनताईच गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सासू तिच्या हातचं खात नाही, नवरा बोलत नाही. मॅडम, तिनं तुम्हाला सांगितलं होतं. केसपेपरला नाही." मी तडकले. नियम दाखवला, नोंद नसेल तर उपचार कसे करायचे म्हणून तावातावानं बोलले, आणि बोलता बोलताच समोरचा फॉर्मचा गठ्ठा बाजूला सारला. एका मुलीचं घर माझ्या अक्षरामुळे मोडायला आलं होतं. "बंद करू या हे सगळं," मी म्हटलं.

"वा! म्हणजे तिनं तोंड उघडलं ही चूक तिचीच?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. मी माफी मागायला जाते म्हटलं, तर तेही नाही. "डॉक्टर दारात आली की सगळी गॅलरी बाहेर येते. तुम्ही बसा गप."

मग दर गुरुवारी ड्युटी सुटली की त्या लालबागला नंदाच्या चाळीत जायच्या. तिच्या सासूबरोबर भाजी निवडत बसायच्या. काय झालं विचारलं की "मेथी कोवळी होती," एवढंच सांगायच्या. इकडे दवाखान्यात मात्र वरिष्ठांशी भांडून त्यांनी पद्धत बदलून घेतली. पेशंटनं सांगितलेलं कुलपातल्या वहीत, नावाऐवजी नंबरानं, आणि केसपेपरवर फक्त पुढची तारीख. पाच-सहा महिन्यांनी नंदा आली. बरोबर सासू! "हिला आत घ्या, मी बाहेर बसते," म्हणाली आणि पडदा तिनंच ओढला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. सासूचं मन कशानं वळलं, हे शालनताईंना मी कितीदा तरी विचारलं. पण कसलं काय! त्या नुसत्या हसायच्या.

शालनताईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रिवाजाच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, वरळीला गेले. वंदना झाली, माणसं जेवायला उठली, तरी नंदाची सासू फोटोसमोरून हलेना. मी शेजारी बसले. "माझ्यासारख्या खाष्ट बाईपुढे तिनं आपलं लहानपण काढून ठेवलं हो," ती म्हणाली, "तेव्हा कुठं मला माझ्या सुनेचं कळलं."

इतकी वर्षं आम्ही दोघींनी मिळून शेकडो माणसांना विचारलं, आणि माझ्या बाजूला बसणाऱ्या बाईला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. न राहवून मी विचारलं, "काय सांगितलं होतं त्यांनी?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला बोलली नव्हती?"

"नाही."

"मग राहू द्या, मॅडम."