येणं आणि जमणं

सुमतीकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळला लेकीकडे होते. काकीचा मुलगा म्हणाला, "सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, आणि गेलीच." नव्वदी ओलांडलेली बाई, शेवटपर्यंत आपल्या हातानं वेणी घालणारी. अंथरुणाला खिळण्याची तिला फार धास्ती होती. त्यामुळे रडू आलं ते नंतर, आधी हायसं वाटलं... आता महिना होऊन गेला, तरी ते हायसं वाटणं काही ओसरलेलं नाही.

काकी म्हणजे माझ्या बाबांच्या चुलतभावाची बायको. माहेर बेळगावचं, मॅट्रिक झालेली. पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांत लग्न होऊन मालवणला आली, तेव्हा आमच्या वाडीत इंग्रजी वाचणारी ती एकटीच बाई होती. काका मुंबईला नोकरीत. घरी काकी, तिची सासू आणि संध्याकाळी पडवीत अभ्यासाला बसणाऱ्या आम्ही चार-पाच मुली. मी आठवीत असताना तिनं आम्हाला 'कॅन' आणि 'कुड' शिकवलं. आधी पोहण्याचंच मालवणी उदाहरण पुढे केलं. "पोवाक येता आणि पोवाक जमला, हे एकच का गं? नाही ना? मग इंग्रजीतही नाही. अंगात आहे ते कॅन. पूर्वी अंगात होतं ते कुड. आणि त्या एका दिवशी, त्या एका वेळी खरोखर पार पडलं, ते वॉज एबल टू." मी विचारलं, "आणि कुड हॅव?" ती म्हणाली, "करता आलं असतं, पण केलं नाही. तो शब्द फार जपून वापरायचा."

त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी बाबांचं गलबत बुडालं. बाबा तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख होते. मंगळुरी कौलं भरून येताना बंदराच्या तोंडाशीच वाऱ्यानं गलबत खडकावर आदळलं. दोघा खलाशांना बाबांनी ओढून बाहेर काढलं. तिसरा भिवा, अवघा बावीस वर्षांचा. तो सापडला दुसऱ्या दिवशी. त्यानंतर बाबा घरात कुणाशी बोलेनासे झाले. जेवायला बसायचे, ताटाला हात न लावताच उठायचे.

आठवड्याभरानं बंदराच्या कचेरीत चौकशी झाली. कारकुनानं बाबांचा जबाब इंग्रजीत लिहून मुंबईला पाठवायचा कागद तयार केला आणि सहीसाठी घरी दिला. आईनं तो काकीकडे नेला. थोड्या वेळानं काकी स्वतःच आमच्याकडे आली.

"भावोजी, यात काय लिहिलंय ठाऊक आहे? तुम्हाला पोहता येत होतं, आणि भिवाला वाचवता आलं असतं."

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "माका पण तसाच वाटता, सुमती. दी हय, सही करतंय."

काकीनं कागद दिला नाही. ती समोर बसली. "आधी काय झालं ते मला सांगा. पहिल्यापासून."

बाबा तुटक तुटक सांगू लागले. "दोघांक खडपार आणलंय. परत उडी मारलंय. हात लागलो तेचो... लाटेन माका फेकल्यान. परत गेलंय. तेवा तो दिसाकच नाय."

"म्हणजे दोनदा गेलात."

"दोनदा."

"मग पोहता येत होतं, हे खरं. वाचवता आलं असतं, हे खोटं. तुम्हाला जमलं नाही, भावोजी. जमलं नाही म्हणजे केलं नाही असं नव्हे." हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. बाबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत प्रथमच ते कुणाच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरत काकी त्यांच्याबरोबर कचेरीत गेली. आईनं मलाही सोबत धाडलं. कारकून वैतागला. "एका शब्दानं काय बिघडतंय, बाई?" काकी म्हणाली, "माणूस बिघडतो." आतले साहेब बाहेर आले. त्यांनी कागद वाचला, बाबांना पुन्हा सगळं विचारलं आणि 'कुड हॅव'ची ती ओळ खोडून आपल्या हातानं 'वॉज नॉट एबल टू' लिहिलं. बाबांनी सही केली. घरी येऊन पेजेचे दोन वाडगे संपवले, ओसरीवर आडवे झाले, ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. आई आम्हाला म्हणाली, "उठवू नकात. निजांदेत."

बाबांचं तांडेलपण टिकलं. पुढे वर्षभरानं ते भिवाच्या आईकडे जाऊन बसू लागले. ती त्यांना चहा द्यायची. काय बोलायचे, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी काकीच्या घरी गेले होते. ज्या खुर्चीत बसून ती गावोगावच्या लोकांना सरकारी कागद वाचून द्यायची, ती पडवीत तशीच होती. बाजूला एक बाई उभी, हातात सरकारी लिफाफा. कसालहून बसनं आलेली. "सुमतीबाई आसत?" मी सांगितलं, गेल्या. लिफाफा पिशवीत सारत ती म्हणाली, "मगे ह्यो कागद कोण वाचतलो?"

खुर्चीत बसायला मी जरा कचरले... मग बसले. चष्मा लावला आणि तिला म्हटलं, "बस गो. काय झाला, ता सांग."