डावीकडेच बघणारी

मुलगी दीड महिन्याची झाली तरी डावीकडेच बघायची. उजवीकडून खुळखुळा वाजवला की डोळे वळायचे, मान नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोहरीच्या उशीवर निजव, होईल सरळ." हे म्हणाले, "तू उगाच टेन्शन घेतेस." मी मात्र दिवसभर तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत बसायचे.

आमच्या दहिसरच्या चाळीत बाळांना तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या एक मालवणी बाई होत्या. नणंदेची दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. एका सकाळी मुलीला पायांवर घेऊन मालीश करताना त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "मान धरलीहा गो चेडवाची. एक झटको दिलो काय सुटतली."

"नको!" मी ओरडले आणि तेलाने निसटतं पोर उचलून घेतलं. बाईंनी हात पुसले, निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला.

मी एकटीनेच तिला बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने माझं बोट मुलीच्या मानेवर उजवीकडे टेकवलं. कातडीखाली लहानशी गाठ!

"घाबरू नका. इथला स्नायू आखडलाय. झटका कधीच द्यायचा नाही. हळूहळू ताणायचं, दिवसातून पाच वेळा." तिने दोनदा करून दाखवलं.

घरी मला जमेना. पोर किंचाळलं की माझे हात आपोआप सुटायचे. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मीच त्या मालवणी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आता कित्याक इलंस?"

"ती रडली की माझे हात सुटतात. तुम्ही धराल का? कसं ते मी सांगते."

बाई पदर खोचून उठल्या. "चल. शिकव माका."

त्या खांदा धरायच्या, मी हनुवटी उजवीकडे वळवायचे आणि आकडे मोजायचे. पंधरा दिवसांनी मला एकटीला जमायला लागलं, तरी बाई येतच राहिल्या. गाठ विरायला चार महिने लागले. तोवर मी रोज ती बोटाने चाचपायचे, कधी कधी तासातासाला. आठव्या महिन्यात मान सरळ झाली, पण माझं बोट पुढे कितीतरी दिवस तिच्या मानेकडे जायचं. ती वैतागून ते झटकून टाकायची.