जावयाचं शून्य

दोनशे चाळीस माणसांच्या एका दिवसाच्या खिचडीसाठी मी तीनशे साठ किलो तांदूळ मागवला. मी त्या वेळी सहावीच्या वर्गाला गणित शिकवत होतो. या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असतील यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. माझ्या सासऱ्यांचा बसला, आणि तो शेवटपर्यंत उठला नाही. दशांश चिन्हासाठी जीव टाकणारा असा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, आणि जो एक झाला तो नेमका माझ्याच वाट्याला सासरा म्हणून यावा, या अन्यायाची दाद कुठं मागायची ते मला अजून कळलेलं नाही. लोकांचे सासरे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात आणि अनारसे खाऊ घालतात. आमचे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचो, अनारशांचं ताट समोर ठेवून विचारायचे, "जावईबापू, साडेसात अनारसे हायत. माणशी पाऊण द्यायचा. किती माणसं जेवतील?" उत्तर येईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. घरातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसायची, आणि माझी बायको, म्हणजे त्यांचीच मुलगी, पदराआडून दहा बोटं दाखवायची. म्हणून मी अनारसे खाल्ले, नाहीतर माझा अख्खा अधिक महिना कोरडाच गेला असता.

मामा मूळचे पिशोरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्या घरातून गुरुजी झालेला हा पहिला माणूस, आणि झाला तो असा झाला की मेंढरांनाही हायसं वाटलं असेल. नोकरी सगळी करमाडच्या बाजूला झाली, निवृत्तीनंतरही तिथंच घर बांधून राहिले. पण निवृत्त फक्त पगार झाला, संताप नोकरीवरच होता. सकाळी दाढी करताना ते पावकी म्हणायचे. हल्लीच्या मुलांना पावकी-निमकी म्हणजे काय ते ठाऊक नाही. ते पाढेच असत, पण पावाचे, अर्ध्याचे, पाऊणाचे. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, असे वस्तऱ्याच्या तालावर चालायचे. हनुवटीशी आले की थांबायचे आणि आरशातल्या माणसाला विचारायचे, "ही पावकी ज्यानं पुस्तकातून काढली, त्याचं घर कुठं हाय?" आरशातला माणूस गप्प राहायचा, कारण अर्ध्या तोंडाला साबण असायचा. मामांचं म्हणणं असं की चार पाव एक म्हणणाऱ्या पोराला गुणाकारानं आकडा लहानही होतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यानं ते तोंडानं चाखलेलं असतं. पावकी गेली आणि पोरांच्या डोक्यात भलतंच जाऊन बसलं, की गुणलं की वाढतं आणि भागलं की कमी होतं. हे वाक्य कुणी त्यांच्यासमोर उच्चारलं तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. नेमकं तेच वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्याच भेटीत, वेगळ्या शब्दांत, उच्चारलं.

मुलगी बघायला गेलो होतो. रिवाज असा की मुलाकडच्यांनी मुलीला चार प्रश्न विचारायचे. पोह्यांच्या बश्या आल्या, माझ्या काकांनी घसा साफ केला, तेवढ्यात मामाच माझ्याकडं वळून म्हणाले, "गणिताचे मास्तर हायसा ना? बारा भागिले शून्य पूर्णांक पाच दशांश?"

"सहा," मी म्हणालो. इतक्या ऐटीत की बशीतले पोहे हलले.

मामांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "बारा भाकरी घे. अर्धी-अर्धी कर. किती तुकडे?" आतून जिला आम्ही बघायला आलो होतो तिचा आवाज आला, "चोवीस." तिला मी तोवर पाहिलंही नव्हतं. माझे काका उठायलाच निघाले होते, पण मामांनी त्यांना हातानं खाली बसवलं. "बसा. चुकतो, पण लाजतो लवकर. जमंल." लग्न या एका गुणावर जमलं, आणि पुढं तीस-पस्तीस वर्षं तोच गुण मला रोज वापरावा लागला.

जावयाला अरेतुरे करायचं नाही, हे ते काटेकोर पाळायचे. माझी सगळी बेइज्जती त्यांनी आदरार्थी बहुवचनात केली. मी वर्गात सांगायचो, दहानं गुणताना दशांश चिन्ह एक घर उजवीकडं सरकवा. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ते करमाडहून एसटीनं शहरात आले, तेवढ्यासाठी. आमची शाळा चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या पाठीमागं होती. तेव्हाच्या औरंगाबादेत दर महिन्याला एखादी नवी शेड उभी राहायची, आणि पाचोड, पिशोर, कुठून कुठून आलेली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहून तिथं पाळ्या करायची. त्यांची मुलं माझ्या हवाली होती. मामा थेट वर्गात शिरले, मला बाजूला सारलं आणि मुलांना म्हणाले, "चिन्ह म्हंजे काय मेंढरू हाय व्हय, हाकललं की पुढं जायला? चिन्ह म्हंजे खुंटा. खुंटा जागचा हालत नाय. दहानं गुणलं की आकडे एकेक घर डावीकडं जातात, भागलं की उजवीकडं येतात. आकड्यांना हाका." मग माझ्याकडं वळून अत्यंत नम्रपणे, "तुम्हीबी बसा जावईबापू, त्या मागच्या बाकावर जागा हाय." मी बसलो. कुठल्या शाळेत, कुठल्या शिक्षकाचा सासरा असा येतो, मला सांगा.

त्याच दिवशी त्यांची नजर भिंतीवर गेली. वर्ग बोलका करा असा वरून आदेश आलेला होता, म्हणून मी स्वतः उंच स्टुलावर चढून, निळ्या ऑइलपेंटनं, हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'गुणाकाराने संख्या वाढते. भागाकाराने संख्या कमी होते.' अक्षर सुरेख आलं होतं. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं होतं. मामा ते वाक्य बराच वेळ वाचत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कुणी लिहिलं?" मी म्हणालो, "पेंटरनं." त्या माणसाला खोटं बोललेलं कळायचं, पण चारचौघांत जावयाला खोटारडा म्हणता येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पेंटरला सांगा, एक दिवस ही भिंत त्याच्याच अंगावर येईल."

ती आली ती नामांतराच्या दिवसांत.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटला आणि खेड्याखेड्यांतून दलित वस्त्यांतली घरं जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. बातम्यांच्या मागोमाग माणसं आली. अंगावरच्या कपड्यांनिशी, कडेला लेकरं घेऊन. आमची शाळा बंदच होती, ती उघडून त्यांना उतरवलं. कुणी अधिकारी येऊन सांगून गेले की एक-दोन दिवसांत सगळं निवळेल, घरी जाल. त्या एक-दोन दिवसांवर ती माणसं बसून होती. गाठोडी सोडत नव्हती. एका कारखान्याच्या कामगारांनी आपल्या कँटीनच्या कोठीतून तांदूळ द्यायचं कबूल केलं आणि निरोप पाठवला, एका दिवसाचा आकडा कळवा. मुख्याध्यापक म्हणाले, "हे गणिताचं काम आहे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

माणसं दोनशे चाळीस. माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे शून्य पूर्णांक पंधरा शतांश किलो. मी गुणाकार केला. उत्तर आलं छत्तीस. आता तुम्ही माझ्या जागी उभे राहून बघा. समोर भुकेली माणसं, हातात खडू, आणि डोळ्यांसमोर निळ्या अक्षरांत गुणाकाराने संख्या वाढते. दोनशे चाळीसला गुणून छत्तीस कसे येतील? चिन्ह कुठंतरी घसरलं असणार. मी ते एक घर उजवीकडं सरकवलं आणि तीनशे साठ कळवून टाकले. वर मनात म्हणालो, बरं झालं लक्षात आलं, नाहीतर माणसं उपाशी राहिली असती.

टेम्पो आला, पोती उतरली, ती माझ्याच वर्गात त्या वाक्याखाली रचली. मी एखाद्या दानशूर माणसासारखा बाजूला उभा होतो. चुलीपाशी एक बाई सगळं बघत होती. चाळिशीची, कपाळ मोकळं, आल्या दिवसापासून स्वयंपाक तिनंच हातात घेतला होता. ती उठली, एकेका पोत्यावर हात ठेवत गेली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"सर, हे लई दिसाचं हाय," ती म्हणाली. "आमी घरी जायचं नाय, असं ठरलं का वर?"

मी घाईनं म्हणालो, "नाही हो, एका दिवसाचंच आहे. हिशेबात चूक झालीय."

"चूक व्हय," ती म्हणाली, आणि मागं वळून तिनं बाकीच्यांना नुसती मान हलवून दाखवली. दोन दिवस जी गाठोडी कुणी सोडली नव्हती, ती त्या दुपारी माणसं एकेक करून सोडायला लागली. कुणी रडलं नाही. एका म्हाताऱ्यानं आपली घोंगडी झटकली आणि कोपरा धरला. पोती बघून त्यांना कळलं होतं की अधिकाऱ्यांचे दोन दिवस खोटे आहेत आणि आपलं गाव आता राहिलेलं नाही. मी पुन्हा-पुन्हा सांगत होतो, चूक झाली, चूक झाली. जितकं सांगत होतो तितकं ते जास्त लपवल्यासारखं वाटत होतं.

मामा आले ते संध्याकाळच्या आत. जालना रोडवर गाड्या बंद होत्या, म्हणून सायकल मारत आले होते. गावाकडच्या कुणा पाहुण्यानं वाटेत अडवून विचारलं होतं म्हणे, तुम्हाला काय पडलंय त्यांचं? त्याच्यावरचा राग अजून नाकावर होता. त्यांनी पोती बघितली, गाठोडी बघितली, मग मला. "काय गुणलंत?" मी सांगितलं. "आलं काय?" "छत्तीस. पण ते दोनशे चाळीसपेक्षा कमी होतं, म्हणून…" मामांनी सावकाश मान वर करून भिंत वाचली.

"पेंटरला विचारून केलंत व्हय गणित," ते म्हणाले.

मग त्यांनी फळा पुसला आणि त्या दोनशे चाळीस माणसांचा वर्ग घेतला. "ऐका. शंभर माणसाला पंधरा किलो. दोनशेला तीस. वरच्या चाळीसला सहा. झाले किती?" त्यांनी खडू फळ्यावर आपटला. "झाले किती?" त्या बाईनं जागेवरूनच म्हटलं, "छत्तीस." "एका दिसाला छत्तीस. यांनी चिन्ह ढकललं, दहापट झाले. सरकारनं काय ठरवलं नाय. कुणी काय लपवलं नाय. हे गणित शिकवतात, अन् हे आमचे जावई हायत."

बाई मामांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "जावई हाय व्हय तुमचा?" ती म्हणाली. "मंग चुकलंच असंल."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. माझ्या आयुष्यात माझ्यामुळं एवढी माणसं एकदम हसलेली मला आठवत नाहीत, आणि मी शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला मामांचा भयंकर राग आला होता.

पण त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. छत्तीस किलो काढून घ्या, बाकी सगळं आत्ताच्या आत्ता परत, म्हणाले. आता चिडायची पाळी इतरांची होती. मुख्याध्यापक म्हणाले, आलेलं अन्न कुणी परत करतं का. कामगारांचा माणूस म्हणाला, आम्ही मनापासून दिलंय. टेम्पोवाला तर वैतागलाच, "मास्टरसाब, चढाऊं के उतारूं, एक बार पक्का बोलो." मामा म्हणाले, "चढव. यांच्या डोळ्यांसमोर चढव. उद्याचं उद्या." पोती टेम्पोत चढली. ती बाई दारात उभी राहून शेवटचं पोतं जाईपर्यंत बघत होती. मग आत जाऊन तिनं आपलं गाठोडं पुन्हा बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज कँटीनच्या कोठीतून सायकलच्या कॅरियरवर छत्तीस किलो आणायचे. त्या वयात, त्या उन्हात, बंद असो नाहीतर काही असो. एकदा चौकात पोलिसानं अडवलं. "काय हाय गोणीत?" "तांदूळ." "किती?" "आधी तुम्ही अंदाज करा," मामा म्हणाले. पोलिसानं गोणी थोडी उचलून बघितली. "पस्तीस-चाळीस असंल." मामांचा चेहरा खुलला. शाळेत येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की शहरात एक माणूस गणिताचा निघाला, अन् तो खात्यात वाया चाललाय.

ती माणसं एक-दोन दिवसांत गेली नाहीत. माझा तांदूळ जितका पुरला असता त्याहून जास्त दिवस ती राहिली. सगळं संपल्यावर मी धीर करून म्हणालो, "मामा, शेवटी माझे तीनशे साठ लागलेच की." ते सायकलची धूळ पुसत होते. "लागले," म्हणाले. "पण एकदम नाय लागले." मग त्यांनी मला स्टूल आणायला लावलं. मला वाटलं, वाक्य खरवडायला सांगतात. म्हणाले, राहू द्या, अक्षर चांगलं हाय. त्याखाली त्याच निळ्या रंगानं माझ्याकडून लिहवून घेतलं: 'खरं का? करून बघा.' पुढं मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी सहावीची मुलं त्या भिंतीवरून भांडायची, आणि एखादं पोर अर्ध्यानं भागून मला चुकीचं ठरवायचं. तेव्हा मला खिडकीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

मामांच्या वर्षश्राद्धाला माणसं शंभरच्या आसपास येणार होती. आचाऱ्यानं तांदळाचा आकडा विचारला. मी आधी अंदाज केला, मग गुणलं, मग उलटं भागून पाहिलं, आणि छातीठोकपणे पंधरा किलो सांगितलं. दाढी करताना कधी नव्हे ती पावकी तोंडात आली. तीन पावपर्यंत गेलो आणि पुढचं म्हणवेना.

जेवणाच्या वेळेला एक म्हातारी रिक्षातून उतरली. कपाळ मोकळं, हातात काठी, सोबत मुलगा. मी ओळखलं. तिनं मामांच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले, पाट घेऊन बसली. पानात भात पडला तसं तिनं मान वर करून विचारलं, "तांदूळ कुणी सांगितला?"

"मी," मी म्हणालो.

ती मुलाकडं वळली. "रिक्षा परत पाठव रं," म्हणाली. "दहा दिस जेवायचंय इथं."