तीन नंबरचा थांबा

साइटवरचे किस्से सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण काम संपेपर्यंत ढीग होतो. वराळ्याच्या पुढे एका विद्यापीठाच्या आवारात आम्ही बसस्थानक बांधत होतो, तिथला हा ढीग. सुरुवात हसत करतो, पुढचं सांगता येत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात 'थांबा' असे तीन बोर्ड लागले. खडीचा ट्रकवाला त्यातल्या एकापाशी अर्धा तास उभा! विचारलं तर म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं, थांबा? मी कवापासनं थांबलोय."

मग आमच्या साइटच्या मोठ्या इंजिनिअर सरांनी बोर्डांवर नंबर घातले.

*

तीन नंबरचा उतार सरांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून तपासला. ब्रेक न लावता सुटले, आणि रस्त्याच्या अलीकडे खुर्ची आपोआप थांबली. "मस्त स्लोप दिलायस," म्हणाले. मग मी बसलो. मीही तिथंच थांबलो.

नंतर उतार मोजायची लेव्हल लावून पाहिली. उतार पुढेही तसाच होता.

*

झाडलोट करणाऱ्या ताराबाई मावशी तीन नंबरच्या बाकाचा एक कोपरा पुसायच्या नाहीत. मी टोकलंच.

"बसल्यालं मानूस उठवून पुसू व्हय?"

बाक रिकामा होता.

*

नीलिमा तिथंच शिकते. तिला दिसत नाही, भाऊ रोज हात धरून आणायचा. अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून बसवलेल्या आमच्या उंचवट्याच्या फरश्यांवरून पांढऱ्या काठीनं ती एकटी बसपर्यंत पोचली, तरच डिझाइन पास. "मला आता त्याचा हात सोडायचाय," ती म्हणाली होती. भीती मलाच जास्त होती.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. ती झकास चालत तीन नंबरपर्यंत आली आणि फरश्या संपायच्या आधीच थबकली. पुढच्याच क्षणी तिच्या नाकासमोरून एक इलेक्ट्रिक बस रिव्हर्समध्ये गेली, अगदी बिनआवाज. मी धावत तिच्यापाशी पोचलो.

नीलिमा मात्र खूश. "तुमची अनाउन्समेंट बेस्ट आहे हं. अगदी वेळेवर. बाकाकडून येते ना?"

स्पीकर अजून खोक्यात होते.

"रेकॉर्डिंगमधली बाई 'कृपया थांबा' म्हणते," मी म्हणालो.

"छे हो. 'थांब गं बाय' म्हणाली."

आता नीलिमा एकटी येते-जाते. स्पीकर बसवले त्या दिवशी ती मुद्दाम सांगायला आली, "तीन नंबरला नका लावू. दोन बायका एकदम बोलल्या तर माझा गोंधळ होईल."