मे महिन्यातलं पॅनेल आणि केळीचं पान

पाचोऱ्याच्या घरावर आबांनी सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा आईशी त्यांचं चांगलंच वाजलं. गच्चीवरचं ऊन हा तोवर आईचा प्रांत होता. उडदाचे पापड, कुरडया, मिरच्या, सगळं तिथेच वाळायचं. शेवटी जिन्याजवळचा कोपरा तिला मिळाला आणि बाकी गच्चीवर काळीनिळी पॅनेलं उभी राहिली.

मी धुळ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मे महिन्यात माहेरी गेले, तर माझे वडील, म्हणजे आबा, दारातच मोबाइल घेऊन उभे. किती वीज तयार झाली ते त्यात दिसतं.

"मार्चमध्ये याच्यापेक्षा जास्त होती, पोरी. आता इतलं ऊन शे, मंग वीज कमी काबरं? फिटरनं फसवलं आपल्याला."

"पॅनेलला उजेड हवा असतो आबा, ताप नको असतो. फार तापलं की वीज कमी होते. शिवाय धूळ बसली असेल."

त्यांना पटलं नाही. जेवून मी जरा आडवी झाले, तोच आईची हाक आली, "अहो, खाली या!" भर दुपारी आबा पाण्याचा पाइप ओढत पॅनेलांकडे निघाले होते. मी धावतच वर गेले.

"तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, तडा जाईल!"

ते टाकीच्या सावलीत मटकन बसले. चेहरा लालबुंद. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हणून बजावलं होतं. शेत आता माझा भाऊ बघतो. मीठ-साखरेचं पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "रिकामं बसवत नाही गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेतावर गेलो. केळीच्या बागेत सावलीला बसलो, तर पानांच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेपाशी दुमडून खाली लोंबत होत्या.

"दुपारी केळ अशीच मिटते. पाणी दिलं तरी," आबा म्हणाले, आणि थबकले. "ते पॅनेल बी असंच शे का?"

"अगदी असंच नाही. पान पाणी वाचवायला आपली बारीक तोंडं, म्हणजे छिद्रं, मिटून घेतं. मग हवा आत येत नाही, अन्न बनवणं मंदावतं. पॅनेल मिटत नाही, नुसतं तापून मंदावतं. पण सुरुवात दोघांची सारखीच. प्रकाश आतल्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो. पॅनेल त्याला तारेतून धाडतं, पान त्याच्या जोरावर साखर बनवतं."

"मंग भारी कोण?"

"पडलेल्या उन्हातलं जास्त पॅनेलच वापरात आणतं. पण त्याला स्वतःची डागडुजी करता येत नाही. पान करतं, आणि त्याच्या साखरेवर झाड पुढचं पान काढतं."

आबांनी एक दुमडलेलं पान तळहातावर घेतलं.

"आणि दुपारी गुमान बसतं," डबा सोडता सोडता आई म्हणाली.

आबा मोठ्यानं हसले.

आता ते पॅनेलं सकाळी गारव्यातच धुतात. दुपारी पडतात, निदान फोनवर तसं सांगतात. पान भर दुपारच्या उन्हात काम कमी करतं, हे मी इतकी वर्षं वर्गात 'घट' म्हणून शिकवत आले. यंदा तो धडा घेताना आबा आठवले आणि तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मग मी मुलांना एवढंच सांगितलं की पान संध्याकाळी पुन्हा उघडतं.